कॅप्टन कल्याणची पत्रं

१९१५ सालच्या अखेरीस मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, एक सरकारी तार गेली. जखमींची सोय नीट लागली आहे, परिस्थिती बिकट असूनही वैद्यकीय व्यवस्था अगदी उत्तम चालली, पुष्कळजण बरे होतील, असा तिचा आशय. विलायतेत ती वाचणाऱ्यांना हायसं वाटलं असणार.

त्याच सुमारास बसरा बंदरात 'वरेला' नावाचं रुग्णजहाज नांगर टाकून उभं होतं. मेजर मार्कहॅम कार्टर हे डॉक्टर त्याचे प्रमुख. टायग्रिस नदीवरून 'मेजिदिये' ही आगबोट दोन्ही बाजूंना तराफे बांधून जखमींना घेऊन येताना त्यांनी पाहिली. लांबून बघताना त्यांना वाटलं, बोटीच्या कडेने दोरखंड लोंबताहेत. बोट जवळ आली तेव्हा कळलं की ते दोरखंड नाहीत. जखमींना जागचं हलता येत नव्हतं, शौचाची काही सोय नव्हती, आणि कित्येक दिवसांची ती घाण बोटीच्या कडांवरून ओघळून वाळली होती. आत माणसं एकमेकांना चिकटून पडली होती. काहींच्या जखमांना पहिली पट्टी बांधल्यानंतर कोणी हातही लावलेला नव्हता. कार्टरसाहेबांनी हे सगळं लिहून वर पाठवलं. त्याबद्दल त्यांना काय मिळालं? लुडबुड्या माणूस अशी पदवी आणि अटकेची धमकी!

आता तार आणि अहवाल हे झाले दोन प्रकारचे कागद. मला आज सांगायचं आहे ते तिसऱ्या प्रकारच्या कागदांबद्दल. याच लढाईत, याच नदीकाठी, कल्याण कुमार मुखोपाध्याय नावाचा एक बंगाली डॉक्टर जखमींच्या अंगातल्या गोळ्या काढत होता आणि सवड मिळेल तशी कलकत्त्याला आपल्या आईला पत्रं लिहीत होता. (इंग्रजी कागदांत त्याचं आडनाव मुखर्जी असं येतं.)

ही पत्रं माझ्यापर्यंत पोचली ती वळणावळणाने. मला बंगाली येत नाही. कादंबरीकार अमिताव घोष यांनी २०१२ साली त्यांच्यावर इंग्रजीत सविस्तर लिहिलं, पुढे २०१८ मध्ये संतनु दास या अभ्यासकाच्या ग्रंथात ती पुन्हा आली. पुतण्याने ते सगळं छापून आणून दिलं, कारण पडद्यावर वाचून माझे डोळे दुखतात. गेले दोन महिने त्या कागदांची चळत माझ्या उशाशी आहे. धाकटी जाऊ हे वाचून म्हणणारच, जाऊबाई पुन्हा इतिहासाचा तास घ्यायला लागल्या. घेऊ दे बाई, निवृत्तीनंतर तेवढंच उरलंय.

तर आधी थोडी पार्श्वभूमी.

बसरा आपल्याला माहीत असतो तो मोत्यांमुळे. आजीच्या नथीत बसऱ्याचे मोती होते हे घराघरांत सांगतात. पण १९१४ मध्ये इंग्रजांना तिथे जायचं होतं ते तेलासाठी. आबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता आणि आरमाराला तेल हवं होतं. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून फौज पाठवून फाओ आणि बसरा घेतले गेले. ही फौज कुठली? सहावी डिव्हिजन, म्हणजे 'पूना डिव्हिजन'! आपल्या पुण्याचं नाव लावून ही मंडळी टायग्रिसच्या काठाने वर सरकत होती. पुढे कुतच्या वेढ्यात तिच्याबरोबर १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागातली पोरं. शाळेच्या पुस्तकात पहिलं महायुद्ध म्हणजे सारायेव्हो, खंदक आणि व्हर्सायचा तह. सातारकर शिपाई बगदादच्या वाटेवर काय करत होते, याला तिथे जागाच नव्हती.

कल्याण या फौजेत होता तो इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर म्हणून. या नोकरीची परीक्षा लंडनलाच व्हायची, तेव्हा विलायतेला जाणं आलंच. हिंदी माणसांना ती १८५५ पासून खुली होती आणि पहिल्याच वर्षी एक बंगाली डॉक्टर, सूर्यकुमार चक्रवर्ती, तिच्यात उत्तीर्ण झाले होते. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९१४ साली हिंदी माणूस पलटणीत कितीही पराक्रमी असला तरी सुभेदार-मेजरच्या वर जाऊ शकत नसे, आणि कालच आलेला विशीतला गोरा लेफ्टनंटही त्याच्या डोक्यावर असे. राजाची सनद घेतलेला खरा अधिकारी होण्याची वाट हिंदी माणसाला जवळजवळ एकच होती, ती डॉक्टरकीची. म्हणजे कॅप्टन कल्याण मुखर्जी हा त्या सगळ्या फौजेतल्या अगदी मोजक्या हिंदी लोकांपैकी एक, जो गोऱ्यांच्या पंगतीत बसत होता आणि ज्याच्याकडे काळा शिपाई जखमी होऊन येत होता. दोन्हीकडचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं. एखादा शिपाई हे लिहू शकला नसता, आणि एखाद्या गोऱ्या डॉक्टरला ते सुचलं नसतं.

१९१५ मध्ये तो तिथे पोचला. सुरुवातीच्या पत्रांत नव्या मुलखाची, प्रवासाची, लढाया कशा होतात याची हकिकत आहे. घरापासून लांब गेलेला मुलगा आईला जसं लिहील तसंच. आमच्या घरातही मावसभावाची १९७१ सालची पत्रं होती. पत्ता म्हणून फक्त 'द्वारा ५६ एपीओ'. मजकूर काय, तर मी मजेत आहे, थंडी बरीच आहे, काळजी नसावी, ताईच्या लग्नाचं काय झालं? पंधरा पत्रं असतील, सगळी एकासारखी एक. मावशी ती पुन्हा पुन्हा वाचायची आणि म्हणायची, यात तो कुठे आहे गं? सैनिकाचं घरी येणारं पत्र बहुधा असंच असतं. तपासनीस असतो हे एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे आईला काय सांगायचं आणि काय नाही, हे मुलानेही ठरवलेलं असतं.

कल्याणने मात्र सांगायचं ठरवलं.

सप्टेंबर १९१५ च्या अखेरीस जनरल टाउनशेंडच्या फौजेने कुत-अल-अमारा घेतलं. इंग्रजांचा मोठा विजय. पण डॉक्टरच्या वाट्याला विजय येत नाही, त्याच्या वाट्याला जखमी येतात. ऑक्टोबरमध्ये त्याने आईला जे पत्र लिहिलं, ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. त्याचं म्हणणं थोडक्यात माझ्या शब्दांत सांगते. इंग्रज आपले गुरू आहेत, आणि त्यांनी आपल्याला जी देशभक्ती शिकवली, सगळी सुधारलेली राष्ट्रं जिचे गोडवे गातात, तीच या रक्तपाताच्या मुळाशी आहे. देशभक्ती म्हणजे काय, तर दुसऱ्याचा देश हिसकावणं. हजारो माणसं मारून जमिनीचा तुकडा मिळवायचा आणि त्याला देशप्रेम म्हणायचं. आता आपल्याकडचे तरुणही तेच शिकले, आणि निरपराध व्हॉइसरॉयवर बाँब टाकू लागले. गच्चीवरून एकट्याने बाँब टाकला काय, किंवा टेकाडाआडून पन्नास जणांनी तोफ डागली काय, वेड एकच. असल्या देशभक्तीचा धिक्कार असो.

हे १९१५ साली! राजाच्या नोकरीतला कॅप्टन, गणवेश अंगावर असताना, लढाई जिंकल्यावर, आईला लिहितोय!

त्या वेळचं वातावरण जरा आठवा. लोकमान्य मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटून आले आणि त्यांनीही युद्धात सरकारला मदत करावी असंच जाहीर केलं. त्यामागे त्यांचा हिशेब होता. शिपाई द्यायचे तर हक्कही मागायचे. म्हणूनच १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लॉर्ड विलिंग्डनने त्यांना बोलू दिलं नाही आणि ते उठून बाहेर पडले. गांधीजी तर १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात पायी फिरून सैन्यभरती करत होते. अहिंसेचा पुजारी रंगरूट गोळा करतोय, हे वर्गात सांगितलं की मुलं हसायची. म्हणजे त्या काळी युद्ध हे देशासाठी काहीतरी मिळवण्याचं साधन आहे, याबद्दल मोठ्या माणसांत फारसा मतभेद नव्हता. आणि एक डॉक्टर त्या साधनाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून म्हणत होता की हे विष आहे.

योगायोग असा की याच सुमारास कलकत्त्यात रवींद्रनाथांची 'घरे बाइरे' ही कादंबरी 'सबुज पत्र' मासिकातून क्रमशः येत होती. पुढे १९१६-१७ मध्ये त्यांनी जपान आणि अमेरिकेत राष्ट्रवादावर व्याख्यानं दिली आणि लोकांचा राग ओढवून घेतला. रवींद्रनाथांना व्यासपीठ होतं, नोबेल होतं. कल्याणला आईचा पत्ता होता.

पण मंडळी, मला हे सगळंच्या सगळं पटतं का? नाही पटत. व्हॉइसरॉयवरचा बाँब म्हणजे २३ डिसेंबर १९१२ ला दिल्लीच्या चांदणी चौकात हत्तीवरून मिरवणाऱ्या लॉर्ड हार्डिंगवर टाकलेला. हार्डिंग जखमी झाले, त्यांच्यावर छत्र धरणारा नोकर मात्र जागीच मेला. त्या गरिबाबद्दल मलाही वाईट वाटतं. तरी ज्याच्या घरात चोर शिरला त्याची काठी आणि चोराची काठी यांना एकाच मापाने मोजायचं, हे माझ्या पचनी पडत नाही. आम्ही खुदीरामच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं. 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांनी सहा वर्षं काढली ती काही उगीच नाही. साम्राज्य उभारणाऱ्याची देशभक्ती आणि त्याखाली चिरडल्या गेलेल्याची देशभक्ती यांत फरक आहे, आणि तो करायलाच हवा. आणि काळाचा विनोद बघा, कल्याणने ज्यांना निरपराध म्हटलं ते हार्डिंगच या मोहिमेच्या वेळी हिंदुस्थान सरकारचे प्रमुख होते. पुढे चौकशी झाली तेव्हा जखमींच्या हालांबद्दल ठपका ज्यांच्यावर आला त्यांत त्यांचंही नाव होतं.

मात्र हेही खरं की मी हे खुर्चीत बसून लिहिते आहे. गोळी काढताना ती कुठल्या देशभक्तीची आहे, हे डॉक्टरला दिसत नसणार.

पत्रानंतर महिन्याभरातच टाउनशेंडला बगदाद घेण्यासाठी पुढे ढकलण्यात आलं. बगदाद पंचवीस-तीस किलोमीटरवर राहिलं असताना टेसिफॉन इथे, प्राचीन इराणी राजवाड्याच्या त्या प्रचंड कमानीजवळ, २२ नोव्हेंबर १९१५ ला लढाई जुंपली. इंग्रजांच्या बाजूची साडेचार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. वैद्यकीय तयारी त्याच्या एका लहानशा हिश्श्यापुरती होती. जखमींना हलवायला ज्या गाड्या होत्या त्या खेचरांच्या मालवाहू गाड्या, स्प्रिंग नसलेल्या. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला त्या गाडीतून खडबडीत रानातून नदीपर्यंत न्यायचं. काहीजण म्हणे गाडीतून उतरून रांगत जाणं पसंत करत. नदीवर पोचल्यावर मग त्या बोटी, ज्यांचं वर्णन वर केलं. कल्याण या लढाईत होता. तार आणि प्रत्यक्ष यांमधलं अंतर त्याने हातांनी मोजलेलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

तिथून माघार. ३ डिसेंबरला थकलेली फौज कुतमध्ये परत आली आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. तो चालला एप्रिल १९१६ च्या अखेरपर्यंत, जवळजवळ पाच महिने. टपाल बंद. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त बिनतारी यंत्राचा, आणि तो लष्करी संदेशांसाठी. कलकत्त्यातल्या आईसाठी ते पाच महिने म्हणजे निव्वळ शांतता.

वेढ्यातलं वैद्यक मात्र चांगलंच नोंदलं गेलं आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला शिकवायला मिळाली असती तर मुलांना जीवनसत्त्वं जन्मात विसरता आली नसती. अन्न संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांनी नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी नाही. कारण विचारलं तर उत्तर असं आलं की गावाला कळलं तर आमच्या घरात कोणी मुलगी देणार नाही. (हे वाचून मी हसले, आणि मग हसू थांबलं. हजारो मैलांवर उपाशी मरत असताना माणसाच्या डोक्यात गावची सोयरीक असते.) परिणाम काय झाला? हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडायला लागल्या. ताज्या मांसामुळे गोऱ्यांना तो त्रास कमी झाला. पण गोऱ्यांना दुसराच रोग जडला, बेरीबेरी, कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. आपल्या लोकांना बेरीबेरी झाला नाही, कारण ते कोंड्यासकट असलेल्या आट्याच्या रोट्या खात होते. मैदा संपला आणि गोऱ्यांनाही आटा द्यावा लागला, तेव्हा त्यांचा बेरीबेरी कमी झाला! 'व्हिटॅमिन' हा शब्द जन्मून तेव्हा चारच वर्षं झाली होती. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन ताटं आणि दोन रोग. सरतेशेवटी एप्रिलमध्ये पुष्कळ हिंदी शिपायांनीही घोड्याचं मांस तोंडाला लावलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

गावातला छपराचा बाजार म्हणजे इस्पितळ. विमानातून पोती टाकून अन्न पुरवायचा प्रयत्न झाला, जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. शेवटी आरमाराच्या लोकांनी 'जुलनार' नावाच्या बोटीत सुमारे २७० टन धान्य भरून २४ एप्रिलच्या रात्री वेढा फोडायचा प्रयत्न केला. तुर्कांनी नदीत आडवे तारदोर बांधले होते, बोट त्यात अडकली. कुतमधल्या लोकांना दूरवर तोफांचा आवाज ऐकू आला, मग तो थांबला. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. त्यांना सोडवायला आलेल्या फौजांचे सुमारे तेवीस हजार लोक कामी आले किंवा घायाळ झाले होते, आणि सोडवायचे होते ते तेरा हजारांच्या आसपास. साध्या वजाबाकीत न बसणारा हिशेब.

पुढचं मी भराभर सांगते, कारण रमण्यासारखं त्यात काही नाही. कैद्यांना उत्तरेकडे नेण्यात आलं, बरीचशी वाट पायी, उन्हाळ्यात, वाळवंटातून. जनरलसाहेब कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. शिपाई रास-अल-ऐनला, आजच्या सीरियाच्या अगदी उत्तर टोकाला, जर्मनांच्या बगदाद रेल्वेच्या कामावर. त्याच रास-अल-ऐनजवळ थोड्याच काळापूर्वी हद्दपार केलेल्या हजारो आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या होत्या. शिशिर प्रसाद सर्बाधिकारी नावाचा एक बंगाली तरुण, शुश्रूषा पथकातला साधा शिपाई, त्याच कैदेत होता. त्याने डायरीची पानं फाडून बुटात लपवली आणि चाळीस वर्षांनी 'अभि ले बगदाद' या नावाचं पुस्तक लिहिलं. तो परत आला.

कल्याण आला नाही. मार्च १९१७ मध्ये रास-अल-ऐनलाच तापाने गेला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला इंग्रजी फौजा बगदादमध्ये शिरल्या होत्या, ज्या बगदादसाठी हे सगळं झालं.

जून १९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल बाहेर पडला. कार्टरसाहेबांची साक्ष, ती बोट, ते 'दोरखंड', सगळं छापून आलं आणि विलायतेत गहजब झाला. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले, आणि २० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. हीच पुढे माँटफर्ड सुधारणा म्हणून आपण शाळेत पाठ केली, पाच गुणांची टीप. त्या टिपेच्या एका टोकाला टायग्रिसवरची ती बोट बांधलेली आहे, हे कुठल्याच गाइडात नव्हतं.

आता या पत्रांचं पुढे काय झालं ते. ती जपली गेली ती एका आजीमुळे.

कल्याणची आजी मोक्षदादेवी. त्यांचे भाऊ म्हणजे व्योमेशचंद्र बॅनर्जी. होय, तेच, १८८५ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेल्या पहिल्या काँग्रेसचे अध्यक्ष. पण भावाच्या नावावर ओळखल्या जाव्यात अशा या बाई नव्हेत. १८७० मध्ये, विशीच्या आतबाहेर असताना, त्यांनी 'बंगमहिला' नावाचं नियतकालिक चालवलं, बंगालीत बाईने संपादित केलेलं बहुधा पहिलंच. एका कवीने बंगाली बायकांची टिंगल करणारी कविता लिहिली, तर यांनी बंगाली बाबूंची खिल्ली उडवणारी लिहून ठणठणीत उत्तर दिलं. अशी बाई नातवाच्या मृत्यूनंतर स्वस्थ कशी बसेल? १९२८ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी 'कल्याण-प्रदीप' नावाचं जाडजूड चरित्र प्रसिद्ध केलं. त्यात नातवाची पत्रं, आणि पत्रांना संदर्भ यावा म्हणून मेसोपोटेमियाच्या मोहिमेची हकिकत. कुठे तो टायग्रिस, कुठल्या त्या डिव्हिजनी आणि ब्रिगेडी, कोण तो टाउनशेंड! नातू शेवटी कुठल्या वाटेने गेला हे कळावं म्हणून ऐंशी वर्षांची म्हातारी लष्करी इतिहास लिहिते. आणि ते देशभक्तीवरचं पत्र गाळत नाही. काँग्रेसच्या पहिल्या अध्यक्षाची बहीण, १९२८ साली, जेव्हा देशात सायमन परत जा म्हणून मोर्चे निघत होते, तेव्हा ते जसंच्या तसं छापते. मला कल्याणच्या धैर्याइतकंच याचं कौतुक वाटतं. थोडं जास्तच.

तीन मराठा पलटणींमधल्या पोरांना अशी आजी मिळाली नाही. त्यांच्या आज्यांना लिहिता येत नव्हतं.

बसऱ्याला १९२९ मध्ये या मोहिमेत मेलेल्या, पण कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर लोकांचं स्मारक उभारलं गेलं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते नासिरियाच्या रस्त्यावर उघड्या रानात हलवलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे, इतके मेले. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये आपल्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य केला.

असाच आकडा मी पाहिलेला आहे. सातारा जिल्ह्यात नोकरीला असताना एका गावात चावडीच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी होती, इंग्रजीत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोनच आकडे, नाव एकही नाही. तशा पाट्या आपल्याकडे गावोगावी आहेत. पाटीखाली म्हातारी माणसं तंबाखू मळत बसायची. कोण कोण गेलं होतं असं विचारलं तर एकजण म्हणाले, आमच्यातला एक चुलता बसऱ्याला गेला होता म्हणतात. पत्र यायचं का त्याचं? यायचं की, पण वाचायला तालुक्याला जावं लागायचं.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, देव्हाऱ्यामागे, जुन्या खतपत्रांच्या गठ्ठ्यात, बसऱ्याहून किंवा फ्रान्सहून आलेलं असं एखादं पत्र असेल तर त्याचा फोटो काढून मला पाठवा. पेटी आवरायला काढाल तेव्हा कागद जाळू नका. मोडीत असलं तरी चालेल. निवृत्तीनंतर मी मोडी शिकले आहे, हळूहळू लागतं, पण लागतं.